गोदामाच्या छतावर सोलर: अग्निशमनासाठी किती जागा सोडायची आणि का?

पूर्वकिनारा (न्यू जर्सी)

न्यू जर्सीत मी व्यापारी इमारतींवरच्या सोलरचे आराखडे करतो. गोदामं, मॉल, शाळा, एखाददुसरा कारखाना. गिऱ्हाईक कुठलंही असो, ड्रॉइंग पुढे ठेवलं की बोट छताच्या कडेकडे जातं: "इथे एवढी पट्टी रिकामी का? अजून दोन ओळी आरामात बसतील." हल्ली पुणे-नाशिककडून फोन करणारे ओळखीचे शेडमालकही हेच विचारतात, म्हणून एकदा नीट लिहून ठेवतो.

अमेरिकेत हा नियम इंटरनॅशनल फायर कोडमध्ये आहे. तो नमुना कोड आहे. बरीच राज्यं त्याची कुठली तरी आवृत्ती आपले बदल करून स्वीकारतात. २०१२च्या आवृत्तीत सोलरचा भाग कलम ६०५.११मध्ये होता, २०२१च्या आवृत्तीत तो १२०५मध्ये आहे. त्यामुळे आपलं ड्रॉइंग कुठल्या आवृत्तीवर तपासलं जाणार, हे आधी स्थानिक फायर ऑफिसला विचारून घ्यावं. व्यापारी इमारतीसाठी गाभा असा आहे:

छताच्या चारही कडांनी ६ फूट मोकळी वाट. इमारतीची लांबी किंवा रुंदी यांपैकी एक जरी २५० फूट किंवा त्याहून कमी असेल, तर ४ फूट चालते. पॅनेलचा सलग गठ्ठा कुठल्याही दिशेनं १५० फुटांपेक्षा मोठा नको. दोन गठ्ठ्यांमध्ये ८ फुटांची वाट हवी. ती ४ फुटांची ठेवायची असेल तर तिला लागून स्कायलाइट किंवा धूर बाहेर सोडणारे झरोके हवेत, नाहीतर दर २० फुटांवर आलटून पालटून दोन्ही बाजूंना ४ बाय ८ फुटांची, धूर बाहेर सोडायला छत कापण्यापुरती रिकामी जागा हवी. छतावर यायच्या झडपेभोवती ४ फूट आणि तिथून कडेपर्यंत एक ४ फुटांची वाट. छतावर रायझरचा, म्हणजे आग विझवायचं पाणी वर नेणाऱ्या उभ्या पाइपचा, व्हॉल्व्ह असेल तर तिथपर्यंतही ४ फुटांची सरळ वाट.

आता हिशेब. ४०० बाय ३०० फुटांचं गोदाम घ्या, म्हणजे १,२०,००० चौरस फूट छत. कडेच्या ६ फुटांत ८,२५६ चौरस फूट जातात. आत ३८८ बाय २८८ उरतात. तिथे १५० फुटांच्या मर्यादेमुळे एका दिशेला तीन आणि दुसऱ्या दिशेला दोन असे सहा गठ्ठे करावे लागतात. मधल्या ८ फुटी वाटांमध्ये आणखी ७,५८४ चौरस फूट जातात. एकूण १५,८४० चौरस फूट, छताच्या १३ टक्क्यांहून थोडं जास्त. ओळींमधलं अंतर धरलं तर सव्वादोनशे-अडीचशे किलोवॅट कमी बसले. आकडा लहान नाही, त्यामुळे मालकाचा जीव कळवळतो हे मला समजतं.

पण ती जागा माणसांच्या कामाची आहे. शिडी कडेला लागते, तेव्हा शिडीवरून उतरणाऱ्याला पाय ठेवायला सपाट जागा लागते. पाठीवर हवेचा सिलिंडर, हातात करवत, खांद्यावर पाइप, आणि धुरात दोन फुटांवरचं दिसत नाही. अशा माणसाला पॅनेलच्या काचेवरून चालायला लावायचं का?

सप्टेंबर २०१३मध्ये न्यू जर्सीतल्या डेलॅन्कोमध्ये डिएट्झ अँड वॉटसन कंपनीच्या मोठ्या शीतगोदामाला आग लागली. छतावर ७,००० हून अधिक पॅनेल होते. विजेच्या धक्क्याच्या भीतीनं अग्निशमन प्रमुखांनी माणसं छतावर पाठवली नाहीत. आग एका दिवसाहून जास्त जळत राहिली आणि गोदाम गेलं. त्या आगीनंतर इथल्या प्रत्येक फायर ऑफिसात सोलरचं ड्रॉइंग वेगळ्या नजरेनं पाहिलं जाऊ लागलं.

तुमच्याकडे छतावर काय सोडलंय, काय नाही, ते लिहा.

---

शेडवाला_चाकण

दादा, लेख वाचून आमच्या शेडचे फोटो काढून पाहिले. व्हेंडरनं या टोकापासून त्या टोकापर्यंत पॅनेल अंथरलेत. पत्र्यावर मधेमधे उजेडासाठी पारदर्शक शीट होती, त्यातली बरीच झाकली गेली. तेव्हा कोणी काही बोललं नाही, आणि किलोवॅट जास्त बसले म्हणून आम्हीही खूश होतो.

एक शंका आहे. अमेरिकेत म्हणे एक बटण दाबलं की छतावरची सगळी वीज बंद होते. तसं असेल तर पॅनेलवरून चालायला काय हरकत? मग एवढ्या वाटा कशाला सोडायच्या?

---

पूर्वकिनारा (न्यू जर्सी)

तुम्ही म्हणताय ती रॅपिड शटडाउनची अट. इथल्या राष्ट्रीय विद्युत संहितेत, म्हणजे एनईसीमध्ये, कलम ६९०.१२ म्हणून ती २०१४मध्ये आली. तेव्हा पॅनेलच्या गठ्ठ्यापासून १० फुटांपलीकडच्या तारा १० सेकंदांत ३० व्होल्टपर्यंत खाली यायला हव्या होत्या. २०१७च्या आवृत्तीत ती कडक झाली. गठ्ठ्याच्या एका फुटाबाहेर ३० सेकंदांत ३० व्होल्टच्या आत, आणि गठ्ठ्याच्या आतसुद्धा ३० सेकंदांत ८० व्होल्टच्या आत.

पण हे उपकरण तारांमधलं व्होल्टेज उतरवतं, पॅनेल बंद करत नाही. ऊन आहे तोवर प्रत्येक पॅनेल आपापले चाळीस-पन्नास व्होल्ट तयार करतच राहतो. जळलेल्या छतावर काचा फुटलेल्या, तारा वितळून पत्र्याला चिकटलेल्या असतात. तिथे कुठलं उपकरण शाबूत आहे आणि कुठलं नाही, हे वर चढलेल्या माणसाला कसं कळणार? शिवाय शटडाउननं वीज गेली तरी पॅनेल जागेवरच असतात. त्यांच्याखालचं छत कापता येत नाही. वाटेचं काम वेगळं, बटणाचं वेगळं. एक दिलं म्हणून दुसरं माफ होत नाही.

तुमच्या शेडवर साधे स्ट्रिंग इन्व्हर्टर असतील तर अठरा-वीस पॅनेल ओळीनं जोडून ८००-९०० व्होल्ट डीसी छतभर फिरत असेल. मेन स्विच पाडला तरी पॅनेलपासून इन्व्हर्टरपर्यंतची ती तार उन्हात जिवंतच राहते.

---

निवृत्त_अग्निशामक

नोकरी आगीच्या गाडीवर गेली, म्हणून लिहितो. शेडच्या आगीत धूर वर जातो आणि पत्र्याखाली साचतो. तापलेले वायू आडवे पसरत जातात, आणि आग जिथे आहे तिथून पन्नास-साठ फुटांवरचा मालही तापून पेटतो. वरून वाट करून दिली की धूर सरळ निघतो, आत गेलेल्या पोरांना दिसायला लागतं, उष्णता कमी होते. आपल्याकडच्या शेडमध्ये हे काम टर्बो व्हेंटिलेटर, रिज व्हेंट आणि पारदर्शक शीट थोडंफार आपोआप करतात. शीट आधी वितळते, तिथून धूर बाहेर पडतो. त्या शीटवरच पॅनेल टाकले तर निसर्गानं दिलेली चिमणी आपण बंद केली.

दुसरी गोष्ट, ही शीट माणसाचं वजन घेत नाही. आग नसतानाही पॅनेल धुवायला चढलेले मजूर तिच्यातून खाली पडतात. वरून धूळ बसली की पत्रा कुठला आणि शीट कुठली हे ओळखू येत नाही. चाकणकर, तुमच्या झाकलेल्या शीट आधी मोकळ्या करा आणि उरलेल्यांवर जाळी बसवा. बाकी चर्चा नंतर.

शहरातल्या काँक्रीटच्या गच्चीचं प्रकरण निराळं. तिथे छत कापायचा प्रश्न नाही. पण गच्चीवर अग्निशमनाची टाकी असते, बूस्टर पंप असतो, रायझरचा व्हॉल्व्ह असतो, जिन्याचं दार असतं. मी पाहिलेल्या एका इमारतीत सोलरच्या सांगाड्याचा पाय बूस्टर पंपाच्या दाराला अडत होता, दार अर्धंच उघडायचं. तिथल्या लोकांना ते खटकतही नव्हतं.

"फायर एनओसीत सोलरसाठी अमुक फूट असं कुठे लिहिलंय, दाखवा," असं व्हेंडर म्हणतात. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ हा कायदा इमारतीच्या मालकावर आणि भोगवटादारावर जबाबदारी टाकतो, की बसवलेल्या यंत्रणा कायम चालू स्थितीत राहिल्या पाहिजेत. दर जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीचा फॉर्म बी, म्हणजे यंत्रणा चालू असल्याचा दाखला, द्यावा लागतो. व्हॉल्व्हपर्यंत माणूस पोचत नसेल तर ती यंत्रणा चालू आहे असं कोणत्या तोंडानं लिहून देणार?

---

बे_एरियातली

कॅलिफोर्नियातून. मी शाळांच्या प्रकल्पांवर काम करते. या वाटांची सुरुवात आमच्याकडची आहे. राज्याच्या फायर मार्शल कार्यालयानं एप्रिल २००८मध्ये सोलरसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. अग्निशामक दलं आणि सोलर उद्योग दोघं त्या चर्चेत होते. पुढे राष्ट्रीय पातळीवरच्या कोडमध्ये बरेचसे तेच आकडे गेले. त्यामुळे हे आकडे कोणी खुर्चीत बसून ठरवले असं समजू नका.

पूर्वकिनारा यांनी एक मुद्दा लिहिला नाही, तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. वाट कुठून जाते? मधल्या वाटा छताचं वजन पेलणाऱ्या भागावरूनच जायला हव्यात, म्हणजे खाली तुळई किंवा ट्रस असला पाहिजे. कागदावर ८ फूट सोडले आणि खाली नुसताच पातळ डेक, म्हणजे छताचा पत्रा, असेल, तर धुरातला माणूस भरवशानं चालणार कशावर? म्हणून मी सोलरच्या ड्रॉइंगवर स्ट्रक्चरच्या रेषा फिक्या रंगात काढून आणायलाच लावते. त्या दिसल्या की वाटा कुठे हव्यात हे आपोआप कळतं.

आणि वाटेत केबलचे पाइप आडवे टाकू नका. वाट मोकळी असते, पण मध्येच चार इंच उंचीचा कंड्युइट आडवा जातो. रात्री त्यात पाय अडकून माणूस पडतो. कंबाइनर बॉक्स, म्हणजे ओळींच्या तारा एकत्र येतात ती पेटी, गठ्ठ्याच्या आत ठेवा, वाट ओलांडायची असेल तर एकाच ठिकाणी ओलांडा आणि त्यावर पायरी द्या.

---

विमा_आणि_जोखीम

थोडं वेगळं मत मांडतो. मी औद्योगिक विम्यासाठी जागांची पाहणी करतो, भारतात आणि आखातात. तुमच्या ६ फूट-८ फूट चर्चेत एक गोष्ट निसटतेय. पातळ स्टीलच्या डेकवर, खाली आग पेटलेली असताना, माणूस चढवायचा की नाही याचाच आता अग्निशमन दलं पुन्हा विचार करतात. स्टील तापलं की बळ सोडतं, छत बसतं. अशा इमारतीत वरून छत कापणारच नसतील, तर "कापायला जागा" म्हणून सोडलेल्या वाटांचा उपयोग काय?

मला जास्त काळजी पॅनेलच्या खालच्या पोकळीची आहे. एडिंबरा विद्यापीठात या पोकळीवर प्रयोग झाले आहेत. सपाट छतावर लहानशी आग लागली आणि वर पॅनेल असेल तर उष्णता वर निघून जात नाही, पॅनेल ती परत छतावर फेकतो. एरवी छतावर जागच्या जागी विझली असती ती आग पॅनेलखालून पुढे सरकत जाते. पॅनेल आणि छत यांतलं अंतर जितकं कमी, तितका प्रकार वाईट. त्यात छताखाली फोमचं इन्सुलेशन असेल, जसं शीतगृहांत पफ पॅनेल असतात, तर काय होईल ते सांगायला नको. म्हणून मी आधी छत कशाचं आहे ते विचारतो, मग वाटा मोजतो.

---

पूर्वकिनारा (न्यू जर्सी)

विमावाल्यांचा मुद्दा मान्य, पण त्यावरून वाटा कमी कराव्यात असा अर्थ काढायला माझा विरोध आहे. माणूस छतावर चढला नाही तरी ८ फुटांची रिकामी पट्टी आगीला अडवते. तुम्हीच म्हणता की आग पॅनेलखालून सरकते. मग जिथे पॅनेल नाहीत तिथे तिच्या डोक्यावरचं ते झाकण संपतं. १५० फुटांची मर्यादा याच कारणानं मला पटते. सलग ४०० फुटांचा गठ्ठा पेटला तर तो मध्ये थांबणार कुठे? शिवाय शिडीच्या टोकावरून पाण्याचा मारा करणाऱ्यालाही नेम धरायला मोकळी जागा लागते.

पाण्यावरून आठवलं. यूएल या चाचणी संस्थेनं २०११मध्ये अग्निशामकांच्या सुरक्षेवर एक मोठा अभ्यास केला. १००० व्होल्ट डीसीवर पाण्याचा सरळ झोत मारायचा असेल तर २० फूट अंतर ठेवा, म्हणजे झोतातून येणारा विजेचा प्रवाह सुरक्षित पातळीखाली राहतो, असं त्यात निघालं. रात्री आगीच्या गाडीच्या प्रखर दिव्यांनीही पॅनेलमध्ये धोकादायक व्होल्टेज तयार होऊ शकतं, हेही त्यात आहे. ताडपत्री टाकली की झालं असं समजणाऱ्यांनी तो भाग जरूर वाचावा. पातळ ताडपत्रीतून पुरेसा उजेड आत जातो.

पर्याय मागायचा असेल तर रस्ता आहे. स्थानिक फायर अधिकारी वेगळी रचना मंजूर करू शकतात, पण ती लेखी घ्यावी. तोंडी होकारावर सांगाडा उभा करू नये.

---

तारजोड

इलेक्ट्रिकल कंत्राटदार, सांगली-कोल्हापूर पट्टा. सगळे आग लागल्यावर काय करायचं ते बोलताय, मी लागते कशी ते सांगतो.

एसी प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी पडली तरी तिला विझायची संधी मिळते. डीसीत शून्य येतच नाही. कनेक्टर ढिला असला की ठिणगीची कमान धरते आणि प्लास्टिक वितळेपर्यंत धरूनच राहते. सर्वांत जास्त घोळ एमसी४ कनेक्टरमध्ये, म्हणजे पॅनेलच्या तारा जोडणाऱ्या प्लगमध्ये, असतो. पॅनेलला एका कंपनीचा, केबलला दुसऱ्या कंपनीचा. दिसायला सारखे, बसतातही, पण आतल्या पिनचं माप जुळत नाही. वर क्रिंपिंगचं हत्यार न वापरता पकडीनं दाबलेले. पहिल्या पावसाळ्यात पाणी जातं, दुसऱ्या उन्हाळ्यात काळे पडतात.

कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्डमध्ये २००९ साली टार्गेटच्या दुकानावर लागलेली आग आमच्या धंद्यात सगळ्यांनी अभ्यासावी अशी आहे. एक तार आधीच जमिनीशी जोडलेल्या त्या पद्धतीत, त्याच बाजूला छोटासा अर्थ फॉल्ट झाला, म्हणजे वीज जमिनीकडे गळू लागली. प्रवाह फ्यूज उडण्याइतका नव्हता, म्हणून यंत्रणेला तो दिसलाच नाही. तसाच राहिला. नंतर दुसऱ्या बाजूला दुसरा फॉल्ट झाला आणि गठ्ठ्याचा सगळा प्रवाह त्या वाटेनं धावला. यानंतर तिकडे फॉल्ट शोधायच्या अटी कडक झाल्या.

आणि या वाटा आम्हालाही हव्यात हो. वाटच नसेल तर इन्सुलेशन रेझिस्टन्स (तारेवरचं आवरण वीज किती रोखतं ते) मोजायला, थर्मल कॅमेऱ्यानं कनेक्टर बघायला, आम्ही जायचं कुठून? पॅनेलवर पाय देऊन गेलो की काचेखालच्या सेलला न दिसणारे तडे जातात, तिथे पुढे गरम ठिपका होतो. चार किलोवॅट वाचवायला गेलेला माणूस देखभालच बंद पाडतो, आणि आग देखभाल नसलेल्या जागीच लागते.

---

शेडवाला_चाकण

सगळ्यांचे आभार. आज व्हेंडरला बोलावलं. तो म्हणतो, "विद्युत निरीक्षकांची मंजुरी आहे, नेट मीटर लागलाय, आता काय बदलायचं?" आमच्या शेडची रुंदी साधारण दीडशे फूट आहे, लांबी सव्वातीनशे. सगळं काढून पुन्हा बसवणं परवडणार नाही. निदान काय केलं तर फरक पडेल? क्रमानं सांगा.

---

निवृत्त_अग्निशामक

विद्युत निरीक्षक वीज बघतात. छतावर माणूस कसा पोचेल हे त्या मंजुरीत येत नाही, त्यामुळे व्हेंडरच्या म्हणण्यात तुमच्या प्रश्नाचं उत्तर नाही.

पहिलं काम पारदर्शक शीटचं, ते वर सांगितलंच. दुसरं, शेडला वर जायची शिडी जिथे आहे त्या बाजूची कडेची ओळ काढा. सगळ्या कडा जमत नसतील तर निदान शिडीकडची आणि गाडी उभी राहू शकते त्या रस्त्याकडची. तिसरं, मध्ये आडवी एक वाट काढा. तुमची शेड सव्वातीनशे फूट लांब, म्हणजे बरोबर मध्यावर एक वाट आली तरी दोन्ही बाजूंना साधारण दीडशे-दीडशेचे गठ्ठे होतात. ट्रस कुठे आहे ते बघून ती वाट त्याच्यावर घ्या.

एमआयडीसीत असाल तर त्यांच्या अग्निशमन विभागाला छताचा नकाशा द्या. पॅनेल कुठे, इन्व्हर्टर कुठे, डीसी आयसोलेटर (पॅनेलकडून येणारी तार तोडायचा स्विच) कुठे, शिडी कुठे, शीट कुठे. त्याचीच मोठी प्रत गेटवर सुरक्षारक्षकाच्या खोलीत लावा, मराठीत आणि हिंदीत. रात्री दोन वाजता गाडी येते तेव्हा गेटवर एकटा रक्षक असतो, आणि आमचा पहिला प्रश्न त्यालाच असतो.

---

तारजोड

काढलेल्या ओळींमुळे स्ट्रिंगमधले, म्हणजे एकामागे एक जोडलेल्या साखळीतले, पॅनेल कमी-जास्त होतील. उरलेले कसेही जोडू देऊ नका. इन्व्हर्टरच्या एका एमपीपीटी इनपुटवर समांतर जोडलेल्या स्ट्रिंगमध्ये पॅनेलची संख्या सारखी हवी, आणि एकूण व्होल्टेज इन्व्हर्टरच्या मर्यादेत बसायला हवं. नवीन कनेक्टर लागतील ते पॅनेलवरच्याच कंपनीचे घ्या, बिलावर तसं लिहून घ्या. काम झालं की प्रत्येक स्ट्रिंगचं इन्सुलेशन पुन्हा मोजून रिपोर्ट मागा.

---

बे_एरियातली

वाटेवर पत्र्याच्या पन्हाळीत पाय मुरगळतो, म्हणून वॉकवेची जाळी टाका. अॅल्युमिनियमची किंवा एफआरपीची (फायबरची) मिळते. ती पर्लिनवर, म्हणजे पत्र्याखालच्या आडव्या आधारावर, नीट टेकवून बसवा, पत्र्याला नुसते स्क्रू मारून नको. आणि पुढच्या वर्षी एखादा एग्झॉस्ट पंखा किंवा एसीचं युनिट वर चढवाल तेव्हा ते या वाटेत ठेवू देऊ नका. आमच्या शाळांवर सोलरवाल्यानं वाट सोडलेली असते आणि दोन वर्षांनी एसीवाला नेमका तिथेच येऊन बसतो.

---

शेडवाला_चाकण

शीटवरचे पॅनेल या रविवारी उतरवतोय. शिडीकडच्या ओळीचं आणि मधल्या वाटेचं कोटेशन मागवलंय, ट्रसचं ड्रॉइंग शेड बांधणाऱ्याकडून आलं की वाटेची जागा इथे टाकतो. बघून सांगा.